विमलबाईंचा हात मंद नव्हता

विमल चौधरींनी हवाईयन गिटार हातात घेतली तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. मांडीवर आडवी ठेवून, पोलादी सळई तारांवरून सरकवत त्या वाजवायच्या. पुढे शाळेत गणित शिकवलं, संसार केला, पण बुऱ्हाणपुरात कार्यक्रम असला की "चौधरीबाईंना बोलवा" हे ठरलेलं. साठी उलटली तरी ताल सुटला नव्हता.

यंदा देवीमंडळाने आरती रेकॉर्ड करायचं ठरवलं. शेजारच्या हर्षलने बहादरपुर रोडला स्टुडिओ टाकला होता. गिटारची वायर आवाज आत नेणाऱ्या एका डबीत, डबी कॉम्प्युटरला, बाईंच्या कानावर हेडफोन. वाजवायला लागल्या आणि काहीतरी बिनसलं. तार छेडली की सूर मागून यायचा. त्याची वाट बघता बघता हात अडखळायचा. शेवटी हर्षल म्हणाला, "रहने दो काकू, मी अ‍ॅडजस्ट करतो."

घरी यजमानांनी, प्रभाकररावांनी, समजूत घातली. "वय झालं आपलं. हात मंद होणारच. वाईट काय वाटून घ्यायचं?"

दुपारभर बाई खिडकीशी बसून बोटं उघडत-मिटत राहिल्या. आपल्याला कळलंसुद्धा नाही?

आणि मग मोबाइलवर आरती आली. 'हवाईयन गिटार : विमल चौधरी.' ऐकताच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही गिटार त्यांची नव्हतीच! यंत्रातला तयार, गुळगुळीत सूर, आणि नाव मात्र त्यांचं.

गिटार काखोटीला मारून त्या तडक स्टुडिओत गेल्या.

"कोण वाजवतंय हे?"

"काकू, तुमचा ताल सुटत होता. मंडळाला घाई होती, मग कीबोर्डवरून..."

"मला विचारलंस?"

हर्षल उगाच वायरी आवरू लागला.

"वायर लाव. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी हेडफोन एकाच कानावर ठेवला आणि तारेवर नख मारलं. उघड्या कानाला टक् ऐकू आलं. मग हेडफोनमधून पुन्हा टक्.

"घे, तूच ऐक. वाजवलं एकदा, ऐकू येतंय दोनदा. मंद माझा हात आहे की तुझं हे खोकं?"

हर्षलने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. कॉम्प्युटर अपडेट झाल्यावर डबीचा ड्रायव्हर चालेना, म्हणून कॉम्प्युटरच्या साध्या ड्रायव्हरवर काम भागवलं, असं त्याने कबूल केलं.

"ड्रायव्हर म्हणजे?"

"डबीतला आवाज कॉम्प्युटरमध्ये कुठल्या रस्त्याने न्यायचा, ते तो बघतो. साधा ड्रायव्हर कॉम्प्युटरचे बाकीचे आवाज जिथे मिसळतात तिथून फिरवून नेतो. वरून आवाज फुटू नये म्हणून मी आवाजाचा साठा, म्हणजे बफर, मोठा ठेवला. तो भरेपर्यंत आवाज थांबतो. डबीचा ड्रायव्हर सीधा नेतो."

"तुला ठाऊक होतं हे?"

"ठाऊक तो था... पण वाटलं, काकूंचं वय..."

"वय!" बाई कडाडल्या. "तुझ्या आळसाला माझं वय सापडलं होय रे?"

त्याने नेटवरून डबीचा नवा ड्रायव्हर उतरवून घातला, साठा कमी केला. आवाज तडतडला, तशी कॉम्प्युटरवरची बाकीची कामं बंद केली. आता नख लागताच सूर कानात. बाईंनी सबंध आरती वाजवली. कुठे अडखळल्या नाहीत.

"एक नंबर, काकू!"

त्या हसल्या नाहीत. "धर्मेंद्रला फोन लाव. माझ्यासमोर."

धर्मेंद्र मंडळाचा अध्यक्ष. हर्षल चाचरत म्हणाला, "भैया, थोडा टेक्निकल प्रॉब्लेम था..."

बाईंनी फोन हिसकावला. "प्रॉब्लेम कसला? ड्रायव्हर चुकीचा होता आणि दोष माझ्या हाताला दिला. खोट्या गिटारवरचं माझं नाव काढा, नाहीतर खरी गिटार घाला."

"पण ताई, गाणं तर सगळीकडे गेलं."

"मग नवंही सगळीकडे जाऊ दे. कशामुळे बदललं तेही लिहा."

मंडळाने तसं केलं. प्रभाकररावांनी ते वाचलं, ऐकलं आणि "चुकलंच माझं" म्हणाले. तरीही बाईंनी दोन दिवस अबोला धरला.

मांडवात नवी आरती वाजली. लोकांच्या मोबाइलमध्ये मात्र जुनीच राहिली. शनवारा चौकात भाजी घेताना ओळखीच्या गोदाबाई भेटल्या. "काय गोड वाजवलं बाई!" म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला. तीच यंत्राची गिटार.

"ती मी नाही," बाई इतक्या जोरात म्हणाल्या की भाजीवाल्याने मान वर केली. पिशवी तिथेच खाली ठेवून त्यांनी आपलं गाणं लावलं आणि गोदाबाईंना हलू दिलं नाही.