ओंडक्याखालचा पाय

काल सुतार अंगणात सागाची फळी कापत होता. त्या लाकडाचा तुरट वास आला आणि मी चाळीस वर्षं मागे, कुरखेड्याजवळच्या लाकूड डेपोत जाऊन पोचलो.

तेव्हा मी नवखा विज्ञान शिक्षक होतो. शाळेच्या छपरासाठी लाकूड पाहायला गेलो असताना थप्पीवरचा एक ओंडका घरंगळला आणि माझा डावा पाय त्याखाली अडकला. चार मजूर धावले. खांदे लावून ते ढकलत राहिले, घामाने निथळले, पण ओंडका हलेना. वस्तू हलली नाही तर कार्य शून्य, हे मी सकाळीच वर्गात सांगितलं होतं. आता घोट्याखाली काही जाणवत नव्हतं. मी जमिनीत नखं रुतवून पडून होतो. पाय गेला, असंच वाटलं.

"सरका रे! काऊन ढकलून राह्यले? मास्तरच्या अंगावर येईन ना तो!" सखूबाई ओरडली. ती डेपोत साली काढणारी, पन्नाशीची मजूर. तिने एक लांब, जाड लाकडी बल्ली ओंडक्याखाली घातली, तिच्याखाली दगड सरकवला आणि दुसऱ्या टोकाला लोंबकळली. ओंडका चार बोटं वर उचलला गेला.

"ओढा आता मास्तरले!"

पाय वाचला. पुढे कुबडी टेकत मी वर्गात तरफ शिकवली. आकृती काढली, सूत्र लिहिलं. सखूबाईचं नाव मात्र घेतलं नाही. अंगठा लावणाऱ्या बाईने मला सोडवलं, हे सांगायची लाज वाटली. तिची मुलगी समोरच बसली होती. आकृती उतरवता उतरवता ती सारखी माझ्याकडे पाहत होती. ती कशाची वाट पाहत होती, ते मला फार उशिरा कळलं.