दासी मॅडम

शोकांतिका शिकवताना आमच्या मॅडमचं राजाकडे फारसं लक्षच नसायचं. राजाचं राज्य जावो, राणी विष घेवो, त्या विचारायच्या, "तेव्हा दारात कोण उभं होतं?" मग एका ओळीपुरत्या येणाऱ्या दासीबद्दल सगळा तास. तिला काय माहीत होतं? ती बोलली का नाही? कल्याणच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नावच पडलं, दासी मॅडम. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "चालेल. राणी मॅडमपेक्षा बरं."

'नशीब' हा शब्द त्यांना खपायचा नाही. कुणी उत्तरात 'नियतीपुढे कोणाचे चालत नाही' लिहिलं, की समासात लाल शाईने प्रश्न यायचा: 'नियती म्हणजे कोण? बाप, काका, सासरा? नाव लिही.' गाईड पाठ करणारे वैतागायचे. मला मात्र तो तास आवडायचा, आणि माझ्याहून जास्त राजश्रीला.

राजश्री आणि मी दोघी ठाकुर्लीच्या, एकाच गल्लीतल्या. शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. घरच्यांनी लग्न ठरवलेलं, तिला ते नको होतं, फोनही काढून घेतलेला. असं होणार हे तिने मला आधीच सांगितलं होतं. कोणाला सांगू नकोस, असंही. मी आठवडाभर गप्प राहिले. मॅडमनी वर्गात तिची चौकशी केली, तेव्हा मात्र राहवलं नाही. तास संपल्यावर जिन्यात त्यांना सगळं सांगून टाकलं.

त्याच संध्याकाळी त्या राजश्रीच्या घरी गेल्या. मी येते म्हटलं, तर म्हणाल्या, "नको. तुला त्या गल्लीत राहायचंय." आमच्या दारातून मला दिसत होतं, तिच्या वडिलांनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मुलगी नको म्हणतेय, निदान परीक्षेपर्यंत थांबा, असं मॅडम शांतपणे सांगत राहिल्या. आतून रडण्याचा आवाज आला आणि दार बंद झालं.

लग्न पंधरा दिवसांत उरकलं. वडिलांनी कॉलेजात तक्रार केली, की ह्या बाई नाटकांच्या नावाखाली मुलींना घरच्यांविरुद्ध भडकवतात. प्राचार्यांनी आम्हाला एकेकीला बोलावलं. माझे बाबा बाहेर बाकावर बसले होते. वर्गात असं काही होतं का, मॅडमना कोणी बोलावलं होतं का, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, "आठवत नाही, सर."

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. पुढच्या सत्रात त्यांना बोलावलंच नाही. कोणी निरोप समारंभ केला नाही. स्टाफरूममधला त्यांचा कप घेऊन त्या गेल्या, एवढंच शिपाईमामांनी सांगितलं.

त्यांच्या डोंबिवलीच्या घरी जायला मला तीन वर्षं लागली. दहावीच्या शिकवण्या घेत होत्या. बऱ्याच बारीक झालेल्या. मी खुर्चीच्या कडेला बसून, प्राचार्यांपुढे काय बोलले ते सांगितलं.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "राग आलेला. अजून आहे थोडा."

त्या आत जाऊन चहा टाकून आल्या.

"राजश्री नवऱ्याचं घर सोडून आलीये," त्या म्हणाल्या. "बाहेरून परीक्षेला बसतेय. तुझ्या तेव्हाच्या वह्या आहेत का गं?"

मी हो म्हटलं.

"मग पत्ता देते, तूच नेऊन दे तिला. माझ्याकडे आणू नकोस."