चौदा नंबरच्या डब्यावरची खूण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते नामदेव राठोड यांचे. राहणार पुसद, रेल्वेतून रिटायर झालेले गाडी तपासनीस, म्हणजे डब्यांची चाकं-ब्रेक तपासणारे. ढाणकीच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. माझे वडील त्यांच्या ओळखीतले, एवढ्या नात्यावर या काकांनी मला कॉलेजची तीन वर्षं पुसदला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा माझ्या आईच्या आधी ते रडले.

हे आधी सांगतोय, कारण याच माणसाला 'घातपाती' ठरवणारी पोस्ट गेल्या महिन्यात या ग्रुपवर वाचली आणि माझं डोकं फिरलं.

कुणा रेल्वेप्रेमीने आमच्या बंद पडलेल्या मालवाहतूक कंपनीचा इतिहास लिहिलाय. दोन इंजिनं, बावीस डबे, एक ब्रेकव्हॅन, निळा रंग, पिवळा पट्टा... सगळं बरोबर. फोटोसुद्धा छान. आणि चौदा नंबरच्या डब्यापुढे एक ओळ — 'नाराज कर्मचाऱ्याच्या घातपातामुळे भंगारात.' खाली प्रतिक्रिया: 'तो भुताचा डबा का रे?' आणि हसणारे चेहरे.

हसा. पण आधी ऐका.

भूतखेत मी मानत नव्हतो. काकांनी मानूच दिलं नव्हतं. दाराशी कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की ते उचलून आणून काकूंना त्याचं सरबत करायला लावायचे. त्या घरात वाढलेला माणूस मी.

आमचं यार्ड वणी तालुक्यात, एका खाजगी सायडिंगवर, म्हणजे माल भरायला बाजूला काढलेल्या रुळावर. कोळसा, चुनखडी आणि हंगामात कापसाच्या गाठी भरायच्या आणि बारा किलोमीटरवर मोठ्या लाईनला नेऊन द्यायच्या, एवढाच कंपनीचा धंदा. एकोणीस महिने चालला. इंजिनं लिलावातली. एकाला आम्ही 'थोरली' म्हणायचो, दुसरं चढावर धापा टाकायचं म्हणून 'दमेकरी'. डबे तीन ठिकाणांहून गोळा केलेले, वरून निळा रंग फासला की झाले एका घरचे. तपासनीस म्हणून काकांना घेतलं, आणि त्यांनी शब्द टाकला म्हणून मला यार्ड क्लार्क केलं. माझं काम रजिस्टरचं. रोज प्रत्येक डब्यापुढे लिहायचं — फिट की सिक.

रेल्वेत बिघडलेल्या डब्याला सिक म्हणतात, माणूस आजारी असावा तसं. तपासनीस अशा डब्यावर खडूने मोठी फुली मारतो, खाली तारीख टाकतो. मग तो डबा जागचा हलत नाही. आणि खूण ज्याने केली त्यानेच पुसायची. पहिल्या दिवशी काकांनी मला शिकवलेली गोष्ट ही.

मागच्या उन्हाळ्यात काका सकाळी हातोडीने चाकं वाजवत चालले होते. टण्ण, टण्ण, टण्ण... आणि चौदा नंबरच्या तिसऱ्या चाकाला नुसतं 'ठप्प'. त्यांनी पुन्हा वाजवलं. मग खाली बसले आणि मला बोटाने दाखवलं. केसाएवढी चीर, काठापासून आत गेलेली.

"बाबू, लेह. सिक."

काका डावखुरे. त्यांची फुली बाकीच्यांपेक्षा उलट्या बाजूला कललेली, आणि उंचीमुळे इतकी वर, की आमचा हातही पोचायचा नाही.

दुपारी मॅनेजरने बोलावलं. पार्टीचा माल पडून आहे, एक डबा कमी पडतोय, खूण पुसा. काका म्हणाले, "साहेब, चाक बदला, मी स्वतः पुसतो." मॅनेजर म्हणाला, "राठोड, रेल्वेतली साहेबी इथं चालणार नाही." संध्याकाळपर्यंत काकांना घरी पाठवलं होतं. कायमचं. पुसदला पोचल्यावर त्याच रात्री ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं, हॉस्पिटलात पायाला वजन बांधून निजवलं. हे लक्षात ठेवा. त्यांना कुशीवर वळायला दोन माणसं लागत होती.

इकडे मॅनेजरने खूण पुसायला मला सांगितलं.

आणि मी पुसली. स्टुलावर चढून, ओल्या पोत्याने. रजिस्टरमध्ये 'फिट' लिहिलं. नोकरी पहिलीच होती, घरी बहिणीचं लग्न ठरलेलं... ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिली आहेत. ती कारणं नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फुली पुन्हा होती. मला वाटलं, ओलं वाळलं की राहिलेला खडू पांढरा होऊन वर दिसतो, फळ्यावर दिसतो तसा. आमच्या गाडीचा गार्ड सुभाष शेजारी उभा राहून चहा पीत होता.

"काय बाबू, तुमच्या पेशंटचा ताप उतरून नाही राह्यला काय?"

"जुना खडू आहे. नीट पुसला गेला नव्हता."

"जुना? मंग खाली तारीख आजची काहून हाय?"

मी वर पाहिलं. तारीख आजचीच होती.

तेव्हा मला भीती वाटली नाही, राग आला. वाटलं, कुणीतरी माझी चेष्टा करतंय. मी पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फुली परत, खाली त्या दिवशीची तारीख. मॅनेजर ओरडला की राठोडच रात्री येऊन करतोय. मी सांगितलं, ते हॉस्पिटलात आहेत. तो म्हणाला, "मग तू करतोस. गुरूचा चेला." आणि स्वतः समोर खुर्ची टाकून बसला.

मी तिसऱ्यांदा पुसलं, आणि त्याच्या हुकुमावरून तेवढ्या जागेवर काळा ऑइलपेंट मारला. साडेअकरा वाजले होते, लख्ख ऊन. मी, मॅनेजर आणि सुभाष — तिघं समोर. कुणीही डब्याला हात लावला नाही. रंग अजून ओला होता. त्या ओल्या रंगावर आधी एक रेघ आली, खालून वर. मग दुसरी. आपण फळ्यासमोर बसलेले असतो आणि मास्तर लिहितात, तशी सावकाश. फक्त मास्तर नव्हते. आवाज मात्र होता... कोरड्या पत्र्यावर खडू घासतो तसा. ओल्या रंगावर खडू वाजत नाही. उमटतसुद्धा नाही. नंतर घरी मी करून पाहिलंय.

फुली उलट्या बाजूला कललेली होती. खाली तारीख.

सुभाषच्या हातातला कप पडला. मॅनेजर मात्र उठला, फुलीकडे पाठ केली आणि म्हणाला, "गाडी लावा." त्याचा आवाज कापत होता, तरी म्हणाला. मला आजही सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आहे. त्याने पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं!

मी बाजूला जाऊन काकांना फोन लावला. काकूंनी तो त्यांच्या कानाशी धरला. मी रडतच सगळं सांगितलं. वाटलं, ते घाबरतील, निदान नवल तरी करतील.

"खूण कोनं केली, ते मले नको सांगू," काका म्हणाले. "तू फिट काहून लेहलं?"

मी "मॅनेजरने सांगितलं" एवढंच म्हणालो.

"चाक मी दाखवलं होतं ना तुले? बोट लावून दाखवलं होतं ना? मंग? आता जाय, गाडीपुढं आडवा हो. नाही तर मले फोन नको करू."

मी पळालो. पण 'थोरली' निघून गेली होती. मी फाटकाच्या फोनवरून गाडी थांबवायला सांगेपर्यंत चौथ्या किलोमीटरला चाक फुटलं. चौदा नंबर कलला आणि मागची गार्डची ब्रेकव्हॅन त्याच्यावर चढली. आत सुभाष होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

कंपनीने पोलिसांत लिहून दिलं — कामावरून काढलेल्या राठोडने सूड म्हणून जाता जाता चाकाशी छेडछाड केली. पुरावा म्हणून माझ्या रजिस्टरचं त्या दिवसाचं पान जोडलं, माझ्या अक्षरातलं 'फिट'. डबा चांगला होता, बघा, क्लार्कनेच लिहिलंय. ठाण्यात मीही तसाच जबाब दिला. पुढे चार महिन्यांत कंपनी बंद पडली, इंजिनं गेली, डबे भंगारात गेले. मॅनेजर दुसरीकडे मॅनेजर आहे. आणि पुसदला एका सत्तरीच्या माणसाला काठी टेकत ठाण्यात हजेरीला जावं लागतं.

त्या ओल्या रंगावर काय झालं, मला माहीत नाही. काकांचं मन तिथं अडकलं होतं म्हणावं, तर काकू म्हणतात त्या वेळी ते गोळी घेऊन झोपले होते, माझ्या फोननेच जागे झाले. तिघांना एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर गाडी पडल्यावर काढलेल्या फोटोतही फुली आहे. मला समजलेलं नाही. समजेल असं वाटतही नाही. ज्यांना भुताचा डबा म्हणून हसायचंय त्यांनी हसावं, पण काकांना घातपाती म्हणू नये. डब्याला चीर होती, आणि ती लपवणाऱ्यांत मी होतो.

काकांनी त्या दिवसानंतर माझा फोन घेतलेला नाही. म्हणून परवा त्यांना पत्र टाकलं. ते जसंच्या तसं इथे देतो.

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

सोमवारी ठाण्यात जाऊन माझा जबाब बदलून दिला. तिसऱ्या चाकाची चीर तुम्ही मला दाखवली होती, खूण मी तीन वेळा पुसली आणि 'फिट' खोटं लिहिलं, असं सही करून दिलं आहे. वकील म्हणाले, यात माझ्यावरही गुन्हा लागू शकतो. लागू दे. तुमची हजेरी थांबवावी असा अर्जही दिला आहे.

चौथी खूण कुणी केली, असं ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं. मी 'माहीत नाही' असं लिहून दिलं. त्यांनी ते खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही.

दर रविवारी सुभाषकडे जातो. त्याची बायको पाणी देते. तो अजून आत ये म्हणालेला नाही, मी ओट्यावरच बसतो. मागच्या रविवारी आतून त्याचा आवाज आला, "बाबू आला काय?" एवढंच. मी "हो" म्हणालो.

तुम्ही फोन उचलावा म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही विचारलं होतं, 'फिट' काहून लेहलं. त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. मी भेलो होतो काका, दुसरं काही नाही.

तुमचा,
बाबू