समोरची बाटली संपवा, मगच सत्कार

मंडळी, आज सूड उगवलाय. तोही माईकवरून, टाळ्यांच्या गजरात.

लातुरातल्या एका कोचिंग क्लासचा 'पर्यावरणपूरक गुणगौरव सोहळा' होता. सूत्रसंचालन माझ्याकडे, पाणी आमच्या सलीमचाचांकडे. रांजण आणि स्टीलचे पेले घेऊन चाचा सकाळीच आले, तर क्लासच्या संचालकांनी दारातूनच कटवलं. "चाचा, पाहुणे मोठे हायेत. बाटल्याच बऱ्या दिसतेत."

चाचा रांजण रिकामे करायला निघाले. मी म्हटलं, "थांबा जरा."

संचालकांनी भाषणाआधीच चार बाटल्या उघडून एकेक घोट घेऊन ठेवल्या होत्या. मी जाहीर केलं, "आयोजकांचा हरित नियम आहे. समोरची बाटली संपवल्याशिवाय सत्कार नाही!" पालकांनी टाळ्या पिटल्या. संचालकांना चारही हसत हसत प्याव्या लागल्या, तेव्हा कुठे खांद्यावर सत्काराची शाल पडली.

मग मी एकेका पालकाला मनोगताला बोलावत राहिलो.

तासाभराने संचालक कानाशी आले. "सर, आटपा की. लई तातडी हाय."

"आधी चाचांचं जाहीर करा."

त्यांनी माईक हिसकावला. "इथून पुढं पाणी सलीमचाचांचंच!" म्हणाले आणि शालीसकट पळाले.

खरं सांगा, अजून एक मनोगत घ्यायला हवं होतं का?