वच्छलाबाईचं जपानी कोकरू

वच्छलाबाई गोष्ट सांगत असताना मध्ये कुणी तोंड घातलेलं तिला अजिबात खपत नसे. तिचा नवरा कडूबा एकदा मध्येच "मीठ कुठं हाय गं?" असं विचारून बसला, तर त्या दिवशी त्याला अळणीच जेवावं लागलं. बाई मूळची फुलंब्रीकडच्या धनगराची लेक. लग्नानंतर कडूबाला वाळूजच्या कारखान्यात काम लागलं आणि दोघांनी मुकुंदवाडीत दोन खोल्या घेतल्या. मेंढरं मागे राहिली. पण माहेरी ऐकलेली ओवी काही तिच्या गळ्यातून गेली नाही. दळण निवडताना, पोरांना न्हाऊ घालताना तिचं गाणं चालूच असे.

सत्याऐंशी साली कारखान्यात नवी यंत्रं आली आणि ती बसवायला जपानी मंडळी आली. जाताना त्यांनी कामगारांच्या बायकापोरांसाठी एक सिनेमा दाखवला. भिंतीवर पांढरी चादर लावून. सिनेमा म्हणजे हातानं काढलेली हलती चित्रं, ज्याला आताची पोरं ॲनिमे म्हणतात ती. उणीपुरी बारा मिनिटं. बोलणं एका शब्दाचं नाही. कडूबाला पहिल्या दोन मिनिटांतच डुलकी लागली. वच्छलाबाई मात्र बसल्या जागी ताठ झाली.

बर्फाचा डोंगर, त्यावर एक मेंढपाळ पोरगी, आणि आई मेलेलं एक कोकरू. पोरगी त्याला एकेका मेंढीकडे नेते. मेंढी हुंगते आणि लाथ मारते. दुसरी हुंगते, तीही लाथ मारते. शेवटी पोरगी एका म्हाताऱ्या मेंढीचंच दूध काढून कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळते. म्हातारी हुंगते, थांबते, पुन्हा हुंगते. मग कोकरू सडाला लागतं आणि सिनेमा संपतो. वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नाही.

"जपानात बी धनगर हायेत," परतीच्या बसमध्ये तिनं जाहीर करून टाकलं. "माझा बाप असंच दूध चोळायचा. आगदी असंच."

त्या आठवड्यातच तिनं त्या कोकराची ओवी रचली. बारशात, हळदीकुंकवात, कुणाच्या डोहाळजेवणात, जिथं चार बायका जमतील तिथं ती गायची. 'आई नाही कोकराला, कोण घेईल कुशीला' ही ओळ आली की गल्लीतल्या बायका पदर डोळ्याला लावत. पाच-सहा वर्षांत ते जपानी कोकरू पार मुकुंदवाडीचं झालं. अशाच एका हळदीकुंकवाला आकाशवाणीच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी ओवी ऐकली आणि वच्छलाबाईला रेडिओवर गायला बोलावलं. ध्वनिमुद्रण संक्रांतीनंतर ठरलं. वच्छलाबाईला आभाळ ठेंगणं झालं. तिच्या घराण्यात जत्रेत गायचे ते पुरुषच. बायांनी मागे बसून ऐकायचं. आता तिचा आवाज सगळ्या मराठवाड्यात जाणार होता.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात घोडं अडलं. टीव्हीवर रविवारी सकाळी एक जपानी मालिका सुरू झाली, हिंदीतून. तोच डोंगर, तीच पोरगी, तेच कोकरू. बारा मिनिटांचा सिनेमा त्या लोकांनी महिनोन्महिने पुरेल इतका ताणला होता.

गल्लीत टीव्ही होता मनकर्णाबाईकडे. मनकर्णाबाई घाटी दवाखान्यात आया होती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून निघालेल्या कितीतरी मोर्चांत ती चालली होती आणि हर्सूलच्या तुरुंगातही जाऊन आली होती. जीभ तिखट, पण रविवारी दार सगळ्यांना उघडं. पहिल्या रविवारी वच्छलाबाई नवं लुगडं नेसून सगळ्यात पुढे बसली. माहेरचं माणूस येणार असावं अशी.

चौथ्या रविवारी तिचं तोंड उतरलं. कोकराच्या गळ्यात घुंगरू आलं होतं. पोरीला एक दुष्ट काका निघाला होता. कुत्रं बोलत होतं. आणि मेंढी? मेंढी काही केल्या कोकराला घेईना. दर रविवारी नवी मेंढी, नवी लाथ.

गल्लीतल्याच चतुराबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "वच्छले, तुझ्या ओवीत तर मेंढीनं झटक्यात घेतलं. तू अर्धीच गोष्ट सांगत व्हतीस व्हय इतकी वर्सं?"

बायका हसल्या. ज्या बाईची गोष्ट खोटी, तिची ओवी कोण ऐकणार? आता तर रेडिओवर गायचं होतं. शेवट बदलावा तर डोळ्यांनी पाहिलेलं खोटं करायचं, न बदलावा तर घरोघरी लोक मालिका पाहून हसणार. ती चिडून म्हणाली, "पिच्चर म्हंजी निरसं दूध व्हतं. ह्यांनी त्यात हौदभर पाणी घातलं."

"पाणी नाय ते," मनकर्णाबाई टीव्ही बंद करत म्हणाली. "मला तर शिरियलच खरी वाटती."

"कामून?"

"नावाचा ठराव झाला तवा माझं पोरगं पाळण्यात व्हतं. आता त्याला मिसरूड फुटलं. घरं जळाली, माणसं मेली, आम्ही जेलात बसलो. आत घ्यायला किती येळ लागतो ते मला इचार. तुझी मेंढी बारा मिन्टात शानी झाली. आमच्या नशिबाला तसली मेंढी नाय आली बाई."

वच्छलाबाई फणकाऱ्यानं घरी आली. दोन दिवस भांड्यांवर राग निघाला. कडूबा शहाणा, मीठ स्वतःच शोधू लागला.

पण पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, आणि या वेळी नीट बघायला म्हणून गेली. सिनेमातल्या सगळ्या मेंढ्यांचं तोंड एकसारखं होतं, हे तिला तेव्हा जाणवलं. मालिकेत तसं नव्हतं. एक मेंढी भित्री होती, बाकीच्या काय म्हणतील म्हणून लाथ मारायची. एकीचं स्वतःचं पिल्लू गेलं होतं. एक नुसतीच माजोरी. कोकरू संध्याकाळी मेंढवाड्याबाहेर कुडकुडत उभं राहायचं आणि सकाळी पुन्हा जायचं. हे दर सकाळचं जाणं सिनेमानं दाखवलंच नव्हतं. मात्र कोकरू पडलं की मालिकेत पिपाण्या-बाजा सुरू व्हायचा, त्यानं तिचं डोकं उठायचं. सिनेमात नुसता वारा होता आणि त्या वाऱ्यानंच तिला जागेवर खिळवलं होतं. म्हणजे दोन्हीकडे काहीतरी होतं आणि दोन्हीकडे काहीतरी नव्हतं. हे कबूल करताना तिला फार जड गेलं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव लागलं. मनकर्णाबाईनं दारात निळा झेंडा लावला आणि घरोघर पेढे वाटले. जुनं नाव तसंच ठेवून त्याच्याआधी नवं जोडलं, हे अर्धंच मिळालं, असं कुणी म्हणालं. ती म्हणाली, "आत तर आलो." आणि मग वच्छलाबाईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. सोळा वर्षांचं रडणं होतं ते. वच्छलाबाईही रडली, आणि रडता रडताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

धनगराच्या सांगण्यात नुसती ओवी नसते. एक जण ओवी गातो, थोडक्यात. मग ढोल थांबतो आणि तीच गोष्ट दुसरा साध्या बोलीत खुलवून, पसरून सांगतो. ती कथा. ओवीला कुणी अपुरी म्हणत नाही आणि कथेला कुणी पाणचट म्हणत नाही. सिनेमा म्हणजे ओवी होती. मालिका म्हणजे कथा. इतकं साधं आपल्याला कसं कळलं नाही, म्हणून तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"मी ओवी गाते रेडिवर," ती मनकर्णाबाईला म्हणाली. "कथा तू सांग."

"मी? मला मेंढीचं शेपूट कंचं आन् तोंड कंचं कळत नाय."

"लाथ कळती ना? तेवढं बास झालं."

अडचण एकच होती. ढोल वाजवायला आणि कथा सांगायला फुलंब्रीहून तिचा थोरला भाऊ मुंजाबा येणार होता. तो ठरल्या दिवशी घोंगडी, ढोल आणि फेटा अशा थाटात उतरला, बेत ऐकला आणि ओट्यावर मटकन बसला.

"आपली कथा दुसऱ्याच्या तोंडी? आन् ती बी कुणाच्या? बाप असता तर त्यानं काय म्हणलं असतं?"

"बाप असता तर मला बी गाऊ दिलं नसतं," वच्छलाबाई म्हणाली. "दादा, तुला पटत नसंल तर माघारी जा. मी बिनढोलाची गाईन. पर कथा तीच सांगणार."

मुंजाबानं ढोल उचलला. बहिणीला एकटीला सरकारी कचेरीत कसं धाडायचं, असं काहीतरी पुटपुटत तो मागे निघाला. मनकर्णाबाईकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

स्टुडिओत लाल दिवा लागला. वच्छलाबाईनं डोळे मिटून सूर लावला आणि मुंजाबानं ठेका धरला. ओवी अशी रंगली की काचेपलीकडच्या बाई मान डोलवू लागल्या. कोकरू पहिल्या मेंढीपाशी आलं, वच्छलाबाई थांबली. आता ढोलाची थाप पडली म्हणजे कथा सुरू. मुंजाबानं हात मांडीवर ठेवले. थाप पडेना.

मनकर्णाबाईनं क्षणभर वाट पाहिली आणि थापेवाचूनच बोलायला सुरुवात केली. भित्री मेंढी, दुखावलेली मेंढी, माजोरी मेंढी, एकेक तिनं अशी उभी केली की जणू तिच्याच गल्लीत राहत होती. कोकरू गेलं, लाथ खाल्ली, आलं. पुन्हा गेलं. "मंग म्हणती कशी ती मेंढी, तुझा वास आमचा नाय," ती सावकाश म्हणाली. "आन् कोकरू म्हणालं, वास नाय, पर भूक तर तीच हाय ना?"

मुंजाबाची मान वर झाली. सारा जन्म त्यानं कोकरं मेंढ्यांना लावण्यात घालवला होता, आणि असली कथा त्यानं ऐकली नव्हती. कोकरू पुढच्या सकाळी पुन्हा निघालं तेव्हा ढोलावर हलकी थाप पडली. मग दुसरी. मनकर्णाबाईचा आवाज त्या ठेक्यावर चढला. कोकराला तिनं म्हाताऱ्या मेंढीपुढे आणून उभं केलं आणि थांबली, कारण पुढचं तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मालिका अजून तिथवर पोचलीच नव्हती.

तिथून वच्छलाबाईनं ओवी उचलली. चोळलेलं दूध, हुंगणं, थांबणं, पुन्हा हुंगणं. कोकरू सडाला लागलं तेव्हा ढोल असा कडाडला की काचेपलीकडे कुणीतरी घाईनं आवाजाचं बटण फिरवलं.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी गल्लीतले सगळे रेडिओ एकाच वेळी बोलत होते. चतुराबाईनं वच्छलाबाईवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि पुन्हा कधी शेवटावरून तिला छेडलं नाही. मालिका पुढे उन्हाळ्यात संपली. शेवट तोच निघाला, म्हाताऱ्या मेंढीचा. तोवर कुणाला त्याचं अप्रूपही उरलं नव्हतं.

त्याआधीच, एका सकाळी, मुंजाबा पुन्हा मुकुंदवाडीत उतरला. वच्छलाबाईनं त्याला लांबूनच पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. तिला वाटलं, दादा आपल्याकडेच येतोय. पण तो तिच्या दारावरून सरळ पुढे गेला आणि मनकर्णाबाईच्या उंबऱ्यापाशी फेटा सारखा करत उभा राहिला.

"बाई, चैतात आमच्या देवाची जत्रा हाय," तो म्हणाला. "वच्छी ओवी गाणार हाय. कथा सांगायला तुमी येता का? ढोल मी वाजवतो."

मनकर्णाबाईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आत या आधी," ती म्हणाली. "बसून बोलू."

मुंजाबा आत गेला. वच्छलाबाईनं आधण उतरवलं, चहा-साखरेचे डबे काखोटीला मारले आणि तीही तिकडेच निघाली.