ताटी सुकली होती

मंडळी, आज आईला उन्हाळ्यावरच्या चित्रप्रदर्शनाला नेलं होतं.

कूलरला लावतो त्या खसच्या कोरड्या ताटीवर चित्रकाराने गेरूने माणूस काढला होता. खाली लिहिलं होतं, 'रस्त्याच्या कामावर उष्माघाताने गेलेला मजूर.' सगळे मोबाईलवर फोटो घेत होते, मीही.

तेवढ्यात आईने पिशवीतली बाटली काढून ताटीवर पाणी ओतलं. चेहरा ओघळून खाली आला.

गार्ड धावला. "ओ काकू, काय करून राहिल्या?"

"ताटी सुकली होती ना गा. त्याले किती गरम होऊन राहिलं असन."

ओल्या खसचा वास सुटला.

परतताना सक्करदऱ्याच्या रस्त्यावर भर दुपारी मजूर डांबर टाकत होते. आईने ऑटो थांबवला, पण बाटली रिकामी होती.

तुम्हीच सांगा, तिचं पाणी वाया गेलं का?