व्हर्लिनची ग्रेव्ही
केंटकीतल्या आमच्या गावात व्हर्लिन स्टॅम्परला सगळंच कळायचं, असं त्याचं स्वतःचं मत होतं. पक्षाघातानंतर त्याच्या बायकोला, ओपलला, गिळता येईना, म्हणून तिच्या पोटात नळी बसवली. मी तिची नर्स. डबाबंद मिळणारं तयार पातळ अन्नच नळीतून द्यायचं, हे मी त्याला बजावलं होतं.

"हे काय जेवण? खडू कालवलेलं पाणी!" म्हणत या दीडशहाण्याने घरी सॉसेजची दाट ग्रेव्ही नळीत ओतली. नळी तुंबली आणि ती बदलायला ओपलला पुन्हा दवाखान्यात यावं लागलं.

"तुमची नळीच भिकार!" तो माझ्यावरच गुरगुरला.

ओपल जड जिभेने म्हणाली, "सिस्टर, याला आधी बाहेर काढा."

आता तिची बहीण तिला नळीतून ते डबाबंद अन्नच देते. ओपलच्या अंगावर मांस चढतंय, आणि व्हर्लिन पेट्रोल पंपावर बसून नळ्यांवर व्याख्यानं झोडतो.